नमस्कार घालणारा राजा

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध नावाचे गाव आहे. डोंगरावर यमाईचे मूळपीठ, पायथ्याला गाव व वाडा, आणि डोंगराच्या वाटेवर १९३८ साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय. शाळा-कॉलेजांच्या सहली तिथे जातात आणि चित्रे पाहून परततात. हे संग्रहालय उभारणाऱ्या श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींविषयी जे लेख वाचायला मिळतात, त्यांत चित्रकार राजा, कीर्तनकार राजा, प्रजेच्या हाती राज्य सोपवणारा राजा अशी त्यांची ओळख असते. सूर्यनमस्काराचा विषय बहुतेकदा शेवटी, एखाद्या मोठ्या माणसाचा छंद सांगावा तसा, दोन ओळींत उरकलेला असतो. मला तो विषय आधी घ्यावासा वाटतो. शाळेतल्या प्रत्येक मुलामुलीला रोज व्यायाम कसा मिळेल, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या मागे इतक्या हट्टाने लागलेला दुसरा राज्यकर्ता निदान माझ्या वाचनात नाही.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पंतप्रतिनिधींचे घराणे मूळचे किन्हईचे. प्रतिनिधी हे पद छत्रपती राजारामांच्या काळातले, म्हणजे घराण्याचा मान मोठा; पण औंध संस्थान मात्र लहानच. सुमारे पाचशे चौरस मैलांचा मुलूख, तोही सलग नाही. काही गावे साताऱ्याकडे, आटपाडीचा दुष्काळी भाग वेगळा, आणि एक तुकडा थेट विजापूरकडे. १९३१ च्या शिरगणतीत सगळी मिळून वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. अशा संस्थानच्या राजपुत्राला गादीची आशा असती, तर तो कदाचित शिकलाही नसता. बाळासाहेबांना ती नव्हती. वडिलांमागून थोरले बंधू आणि त्यांच्यामागून पुतण्या गादीवर आला. दरम्यान बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले होते. पुढे पुतण्याला पदच्युत केल्यावर १९०९ साली गादी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांचे वय ४१ होते. आयुष्याची निम्मी वाट चालून झाल्यावर हाती सत्ता आलेला हा माणूस होता. त्यामुळे आपल्याला काय करायचे आहे हे त्यांच्या मनाशी पक्के होते, असे मला त्यांच्या पुढच्या कारभारावरून वाटते.

व्यायामाची त्यांना आवड लहानपणापासूनच होती. पण त्यांच्या व्यायामाची गोष्ट सरळ आपल्या मातीतून सुरू होऊन मातीतच संपत नाही, आणि म्हणूनच ती मला खरी वाटते. त्या काळी युजेन सँडो या मल्लाचे नाव जगभर गाजत होते. त्याची पुस्तके, त्याचे डंबेल्स, छाती रुंदावण्याची स्प्रिंगची साधने यांना हिंदुस्थानातही मोठी मागणी होती. १९०४-०५ च्या सुमारास तर तो स्वतःच इकडे प्रयोग करून गेला. बाळासाहेबांनी १८९७ साली सँडोचे सगळे साहित्य आणवले आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने मेहनत केली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि शेवटपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. विलायती ते टाकाऊ म्हणून त्यांनी सँडो सोडला असे नाही. दहा वर्षे घाम गाळून पारखल्यावर सोडला. नमस्कार आपण शोधून काढला असा दावाही त्यांनी कधी केला नाही. समर्थांच्या परंपरेत, मारुतीच्या देवळांत, भिक्षुकांच्या घरांत नमस्कार चालत आलेलेच होते. मात्र बहुतेक ठिकाणी ते व्रत होते. कुणी नवस फेडायला घाली, कुणी रथसप्तमीला घाली. त्या व्रताचा शाळेतला व्यायाम करावा, ही दृष्टी बाळासाहेबांची.

त्यांच्या पद्धतीच्या नमस्कारात दहा अवस्था होत्या. ताठ उभे राहून हात जोडायचे. मग गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकायचे. एक पाय मागे न्यायचा, मान वर. दुसराही पाय मागे नेऊन अंग फळीसारखे सरळ धरायचे. कपाळ, छाती, गुडघे जमिनीला लावायचे. हातांवर छाती उचलून मान मागे टाकायची. कंबर वर उचलायची. पाय पुढे घ्यायचा, पुन्हा ओणवे, पुन्हा उभे. एकदा टेकलेले तळवे शेवटपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. यात खांद्यापासून घोट्यापर्यंत न वापरलेला सांधा राहत नाही, आणि श्वासही आपोआप खोल जातो. प्रत्येक नमस्काराबरोबर बीजमंत्र म्हणायचा. त्या उच्चाराने गळा, छाती व पोट यांना व्यायाम होतो असे ते सांगत. यातला भक्तीचा भाग ज्याला नको असेल त्याने वगळला, तरी शरीराचे काम व्हायचे ते होतेच.

आता हेच शाळेच्या दृष्टीने पाहू. त्या वेळी आपल्याकडच्या शाळांत शारीरिक शिक्षण म्हणजे ड्रिल. पलटणीतून निवृत्त झालेला एखादा हवालदार ड्रिलमास्तर म्हणून ठेवायचा, त्याने इंग्रजी हुकूम सोडायचे आणि अर्थ न कळता मुलांनी डावे-उजवे करायचे. शहरातल्या बऱ्या शाळांत क्रिकेट होते, पण त्याला बॅट, स्टंप, मैदान, पैसा सगळेच हवे. तालमी होत्या, पण तिथे जायची ती अंगात रग असलेली पोरे. अशक्त मुलगा तिथे चेष्टेचा विषय, आणि मुलीचा तर प्रश्नच नाही. थोडक्यात, ज्याला व्यायामाची खरी गरज त्यालाच तो मिळत नव्हता. नमस्काराला लागते ती माणूस आडवा होईल एवढी जागा. साहित्य नाही, जोडीदार नाही, पोशाख नाही. पावसाळ्यात वर्गातली बाके बाजूला सारून घालता येतात. पन्नास मुले एकाच वेळी एकाच आवाजावर घालू शकतात. ज्या संस्थानच्या तिजोरीत खडखडाट, त्याच्या शाळांना परवडेल असा दुसरा व्यायाम मला तरी सुचत नाही.

बाळासाहेबांनी संस्थानातल्या सगळ्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि ते मुलींच्या बाबतीतही. वाड्यात राणीसाहेब व राजपुत्रही रोज नमस्कार घालत, तेव्हा पाटला-कुलकर्ण्याच्या घरी मुलींच्या अंगाला झेपत नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. स्वतः महाराज पहाटे उठून शेकड्यांच्या हिशोबात नमस्कार घालत. गादीवर बसलेला, वयाची साठी गाठलेला माणूस शाळेत येतो, अंगरखा उतरवतो आणि मुलांसमोर नमस्कार घालून दाखवतो, हे दृश्य नुसते डोळ्यांपुढे आणून पाहावे. संस्थानाबाहेरच्या शाळा-कॉलेजांतही त्यांनी अशी व्याख्याने दिली आणि प्रात्यक्षिके करून दाखवली. शारीरिक शिक्षणाचा दर्जा सुधारण्यावर आजवर पुष्कळ अहवाल लिहिले गेले. पण शिक्षक आणि वरिष्ठ यांनी मुलांच्या रांगेत उभे राहून तोच व्यायाम केला तर काय होईल, याचा प्रयोग इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी केल्याचे आढळत नाही. शिट्टी तोंडात धरून सावलीत खुर्चीवर बसलेला माणूस मुलांना व्यायामाविषयी काय शिकवतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलेच आहे.

इथे थोडे माझ्याविषयी सांगणे भाग आहे. मी ज्या शाळेत शिकले तिथे वेळापत्रकात आठवड्याला पी. टी.चे तास होते. दहावीच्या वर्षी ते गणिताकडे गेले. त्याआधी मुलांना एक चेंडू देत आणि मुली लिंबाखाली बसत. आम्हां मुलींना कुणी खेळू नका म्हटले नव्हते. खेळा असेही म्हटले नव्हते. वार्षिक क्रीडादिनी त्याच सात-आठ जणांना बक्षिसे मिळत आणि बाकीचे टाळ्या वाजवत. दहावीच्या गुणपत्रिकेवर मात्र या विषयाची श्रेणी सर्वांना चांगलीच होती. पुढे वाचनालयात बाळासाहेबांविषयी वाचले तेव्हा पहिला प्रश्न मनात आला तो हा, की त्यांच्या काळातल्या चौथीतल्या मुलीला जे मिळाले ते आम्हांला का मिळू नये?

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरी व्यायामाचा विषय काढला तर आई हसते. दिवसभर खुरपे घेऊन वाकणाऱ्याला आणखी वाकायला कशाला सांगतेस, असा तिचा सवाल असतो, आणि तो खोटा नाही. शेतकऱ्याच्या, मजुराच्या पोराला व्यायाम कशाला, असे मास्तरांपासून सगळेच म्हणतात. पण मी आईचे काम नीट पाहिले आहे. खुरपणीत पाठ एकाच बाजूला वाकते, मोळीच्या ओझ्याने मान एकाच दिशेला दबते, आणि चाळिशीच्या आत कंबर धरते. कामात शरीर झिजते, सगळीकडून मोकळे होत नाही. नमस्कारात जितके पुढे वाकायचे तितकेच मागे वळायचे असते. श्रम आणि व्यायाम यांतला हा फरक मला पुस्तकाने सांगितला नाही, तो शेतात कळला. आटपाडीसारख्या राबणाऱ्या मुलखातल्या शाळांत बाळासाहेबांनी नमस्कार नेले, हे मला त्यामुळेच फार महत्त्वाचे वाटते.

त्यांच्या प्रचाराचा वारा संस्थानाच्या हद्दीत राहणारा नव्हता. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी या विषयावर मराठीत व इंग्रजीत पुस्तक काढले, नमस्काराचा बोलपट नव्हे तर मूकपट काढवला. औंधातच राहून वेदांचे भाषांतर करणारे पंडित सातवळेकर यांनीही नमस्काराचा पुरस्कार केला. ते स्वतः शंभरी ओलांडून १९६८ साली गेले. महाराष्ट्रात घरोघरी नमस्काराची चर्चा सुरू झाली, आणि चर्चा झाली की थट्टाही होतेच. १९३३ साली आचार्य अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' हे नाटक रंगभूमीवर आले. नमस्काराच्या नादाने झपाटलेले त्यातले रावबहादूर पाहून प्रेक्षक पोट धरून हसले. ज्या गोष्टीचे वेड समाजात पसरलेलेच नाही तिच्यावर विनोद लिहून नाटक चालत नाही, तेव्हा मी तरी त्या नाटकाला बाळासाहेबांच्या कार्याचे एक प्रकारचे प्रशस्तिपत्रच समजते. पुढे १९३६ साली ते विलायतेला गेले तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची गाठ घेतली. साठी केव्हाच उलटलेल्या या राजाची तब्येत पाहून त्यांनी वृत्तपत्रात लिहिले आणि १९३८ मध्ये लंडनहून 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे बाळासाहेबांचे पुस्तक संपादून प्रसिद्ध केले. सँडोची साधने जिथून आली, तिथेच औंधचा नमस्कार चाळीस वर्षांनी पोहोचला.

तथापि एवढ्यावर थांबले तर ते चरित्र न होता आरती होईल. बाळासाहेबांचा नमस्कारावरचा विश्वास कधी कधी मर्यादा सोडून जाई. अनेक रोगांवर तो उपाय आहे असे ते मानत. आजच्या वैद्यकाच्या कसोटीवर ते सगळे उतरणार नाही. आहाराविषयीही ते आग्रही होते. चहा-कॉफी नको, तंबाखू नको, सडीक पांढरा तांदूळ नको, मोड आलेली कडधान्ये खावीत, असा त्यांचा उपदेश. उपदेश चांगलाच, पण कडधान्य घरात असले तरच मोड आणायचे. दुष्काळी मुलखातले पोर सकाळी काय खाऊन शाळेत येते, हा प्रश्न नमस्कारांच्या संख्येच्या आधीचा आहे. शाळेत दुपारचे अन्न देण्याची राष्ट्रीय योजना आपल्याकडे १९९५ साली सुरू झाली.

दुसरी गोष्ट खेळाची. नमस्कार एकट्याने घालायचा असतो. पन्नास जण एकत्र घालत असले तरी प्रत्येक जण आपापल्या तळव्यांमध्येच असतो. खो-खोत पाठीवर थाप पडताच उठून धावणे, कबड्डीत साखळी धरून ठेवणे, हरल्यावर समोरच्या संघाशी हात मिळवणे, हे शिक्षण नमस्कारातून मिळत नाही. मुलाला व्यायामाइतकीच मजाही हवी असते. नमस्कार हा शाळेतल्या शारीरिक शिक्षणाचा पाया होऊ शकेल. सबंध इमारत त्याच्यावर उभी राहील असे मला वाटत नाही. योगाचा शास्त्रीय अभ्यास करणारे लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद याच काळातले. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाच्या चौकशीचे काम त्यांच्याकडे सोपवले आणि १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. तिथली वाट वेगळी होती. आधी शिक्षक तयार करायचा, मग शाळेत पाठवायचा. औंधच्या प्रयोगाची उणीव नेमकी हीच होती, असे मला या दोन्ही वाटा शेजारी ठेवल्यावर वाटते. तिथे पगारी तज्ज्ञ शिक्षकाच्या जागी राजाचा हुकूम आणि राजाचा कित्ता होता.

आणि सक्तीचे काय? एखादा प्राध्यापक हा लेख वाचून विचारील, की राजाने हुकूम काढला म्हणून मुलांनी हात जोडले, यात शिक्षण ते कोणते? प्रश्न रास्त आहे. मलाही सक्ती आवडत नाही. शिवाय बीजमंत्रांसह नमस्कार सक्तीचा करताना निरनिराळ्या धर्मांच्या घरांचा विचार आज करावाच लागेल. परंतु सक्ती नसते तिथे काय घडते तेही मी पाहिले आहे. तिथे मुली लिंबाखाली बसतात. ऐच्छिक म्हटले की धीट मुले मैदानावर जातात, आणि भित्री, लठ्ठ, अशक्त, मोठी होत चाललेली मुले-मुली भिंतीला टेकतात. गणित सक्तीचे आहे म्हणून कुणी तक्रार करत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य असावे असे घालून दिले आहे. त्या क्रीडांगणावर प्रत्येक मूल रोज उतरते की नाही, हे पाहणारा माणूस कायद्याने कसा निर्माण करायचा?

गंमत अशी की हाच सक्ती करणारा राजा सत्ता सोडण्याच्या बाबतीत सर्वांच्या पुढे होता. गांधीजींच्या सल्ल्याने, आणि राजपुत्र अप्पासाहेब व मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या साहाय्याने औंधची नवी घटना तयार झाली. १९३९ साली ती अमलात येऊन गावपंचायतींपासून वरपर्यंतचा कारभार लोकांच्या हाती गेला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले होते. किर्लोस्करांच्या कारखान्याला १९१० साली माळरान दिले. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. साने गुरुजी काही काळ औंधच्या शाळेत शिकले, ग. दि. माडगूळकरही शिकले. या सगळ्यांवर स्वतंत्र लेख लिहिता येईल. इथे नुसती नोंद पुरे.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले. संस्थानाबरोबर संस्थानचे हुकूमही संपले. शाळा जिल्ह्याच्या कारभारात गेल्या आणि त्यांच्या वेळापत्रकावर आता राजाची नजर राहिली नाही. बाळासाहेबांनी त्याविषयी कुरकुर केल्याचे माझ्या वाचनात नाही. नमस्कार घालायला त्यांना गादी कधी लागलीच नव्हती. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी ते वारले.

अप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत झाले. आफ्रिका, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त अशी त्यांची भ्रमंती झाली. १९७० साली ते लंडनला उच्चायुक्त असताना त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. राजनीतीवर त्यांना पुष्कळ लिहिता आले असते, आणि पुढे त्यांनी ते लिहिलेही. पण हे पुस्तक सूर्यनमस्कारावर होते.